दप्तराची दुवासूची : फोल्डरमधील फायलींचे वेबपान

कार्यालयाचे दप्तर कितीही मोठे असो, हवा असलेला कागद हव्या त्या वेळी हाती येत नसेल तर त्या दप्तराचा जनतेला उपयोग होत नाही. कागदाच्या युगात जे सत्य होते, तेच संगणकाच्या युगातही आहे. आज ग्रामपंचायतीपासून विद्यापीठापर्यंत सर्वत्र परिपत्रके, ठराव, अंदाजपत्रके, सल्लापत्रिका आणि अहवाल संगणकातील फोल्डरमध्ये साठत आहेत. कपाटांची जागा वाचली. परंतु शोधण्याचे श्रम वाचले असे मात्र सर्व ठिकाणी म्हणता येत नाही. ‘नवीन माहिती फायनल २’ अशा नावाची फाईल उघडल्याशिवाय तिच्यात डाळिंबाच्या भगवा वाणाची माहिती आहे की पाणीपट्टीची थकबाकी आहे, हे कळत नाही. ही अडचण दूर करण्याचा एक सोपा व बिनखर्ची उपाय म्हणजे फोल्डरमधील सर्व फायलींचे दुवे एका पानावर आणणारी, संगणकानेच तयार केलेली सूची. अशी सूची कशी तयार करावी आणि ती करताना कोणती दक्षता घ्यावी, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

जिल्ह्याचा पूर्वानुभव

अहिल्यानगर म्हणजेच पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याला दप्तर सुधारणेचा मोठा वारसा आहे. १९८० च्या दशकात जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी येथील जिल्हाधिकारी कार्यालयात जो प्रयोग केला, तो पुढे ‘लखिना पॅटर्न’ या नावाने ओळखला गेला व अन्य जिल्ह्यांनीही त्याचे अनुकरण केले. साचलेल्या कागदांची छाननी करणे, त्यांचे वर्गीकरण करणे, मुदत संपलेले कागद रीतसर नष्ट करणे आणि उरलेले सहज सापडतील अशा रीतीने मांडणे हा त्या प्रयोगाचा एक महत्त्वाचा भाग होता. शासकीय अभिलेखाचे ‘अ’ वर्ग म्हणजे कायम जतन करावयाचे, ‘ब’ वर्ग म्हणजे ३० वर्षे, ‘क-१’ म्हणजे १० वर्षे, ‘क’ म्हणजे ५ वर्षे आणि ‘ड’ म्हणजे १ वर्ष, हे वर्गीकरण कार्यालयीन कर्मचाऱ्यांच्या परिचयाचे आहे.

या प्रयोगातून एक गोष्ट स्पष्ट झाली. दप्तर सुधारते ते कपाटांची संख्या वाढवून नव्हे, तर प्रत्येक कागदाला निश्चित जागा आणि त्या जागेची नोंद देऊन. संगणकातील फोल्डरलाही हाच नियम लागू पडतो. फोल्डर हे कपाट, फाईल हा कागद, आणि दुव्यांचे पान ही त्या कपाटाच्या दारावर लावलेली सूची होय. फरक इतकाच, की या सूचीतील नावावर बोट ठेवताच कागद समोर उघडतो.

कायद्याची अपेक्षा

सूची ठेवणे ही केवळ सोयीची बाब नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे अमलात आला. त्याच्या कलम ४ (१) (क) प्रमाणे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले सर्व अभिलेख योग्य रीतीने सूचिबद्ध करून ठेवणे आणि साधनसामग्रीच्या मर्यादेत, वाजवी मुदतीत त्यांचे संगणकीकरण करणे आवश्यक आहे. नागरिकाला अर्ज करण्याची गरजच कमीत कमी पडावी, इतकी माहिती कार्यालयाने आपण होऊन प्रकट करावी, असाही या कलमाचा रोख आहे. ज्या चळवळीमुळे महाराष्ट्राला केंद्रीय कायद्याच्या आधी, २००२ मध्ये, स्वतःचा माहिती अधिकार कायदा मिळाला, तिचे एक प्रमुख केंद्र याच जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे गाव होते. तेव्हा या जिल्ह्यातील कार्यालयांनी सूचीच्या कामात पुढाकार घेणे हे सर्वथा उचित ठरेल.

दुवा म्हणजे काय?

वेबपान ही एक साधी मजकुराची फाईल असते. स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा येथील ‘सर्न’ या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये या पद्धतीची कल्पना मांडली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने ती सर्वांना विनामूल्य खुली केली. संशोधकांचे अहवाल व टिपणे वेगवेगळ्या संगणकांवर विखुरलेली असत; ती एकमेकांशी जोडावीत हाच मूळ हेतू होता. म्हणजे आजच्या कार्यालयाची जी गरज आहे, तीच या शोधाची जननी होती.

दुव्याचे, म्हणजेच लिंकचे, दोन भाग असतात. पहिला भाग वाचकाला न दिसणारा पत्ता. दुसरा भाग वाचकाला दिसणारे नाव. पत्ता यंत्रासाठी असतो, नाव माणसासाठी. ही विभागणी ध्यानात घेतली की पुढील पुष्कळ प्रश्न आपोआप सुटतात.

पत्त्याच्या बाबतीत एक चूक वारंवार आढळते. दुव्यात ‘सी ड्राइव्ह’पासून सुरू होणारा संपूर्ण मार्ग लिहिला, तर तो दुवा केवळ त्याच संगणकावर चालतो, अन्यत्र तो निरुपयोगी ठरतो. सूचीचे पान फायलींच्याच फोल्डरमध्ये ठेवून पत्त्यात फक्त फाईलचे नाव लिहावे. मग तो फोल्डर पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या गावी नेला, शाळेच्या संगणक कक्षात ठेवला किंवा संकेतस्थळावर चढविला, तरी सर्व दुवे चालू राहतात. अशा सूचीस इंटरनेटचीही गरज नसते. ज्या शाळेत जोडणी वारंवार खंडित होते, तेथील शिक्षकांना ही गोष्ट विशेष उपकारक ठरावी.

सूचीचे तीन मार्ग

पहिला मार्ग हाताने एकेक दुवा लिहिण्याचा. दहा-वीस फायलींसाठी तो चालतो; पुढे मात्र पान आणि फोल्डर यांची फारकत होते. राहुरीचेच उदाहरण घेता येईल. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे कार्यक्षेत्र पश्चिम व उत्तर महाराष्ट्रातील दहा जिल्ह्यांचे आहे. ग्रामीण कृषी मौसम सेवेच्या पद्धतीप्रमाणे हवामानावर आधारित कृषिसल्ला आठवड्यातून दोनदा, मंगळवारी व शुक्रवारी, दिला जातो. तालुक्यातील एखाद्या ग्रामपंचायतीने हे सल्ले साठवावयाचे ठरविले, तर वर्षाला सुमारे १०४ आणि पाच वर्षांत ५२० फायली जमतील. गेल्या वर्षी याच आठवड्यात पेरणीबाबत काय सांगितले होते, हे शेतकऱ्याने विचारले असता उत्तर एका मिनिटात मिळावे, अशी अपेक्षा असेल तर हाताने केलेल्या सूचीवर विसंबून चालणार नाही.

दुसरा मार्ग सर्व्हरने स्वतः सूची दाखविण्याचा. ‘अपाची’सारख्या सर्व्हर प्रणालीत फोल्डरचा पत्ता उघडला असता ती प्रथम ‘इंडेक्स’ नावाचे पान शोधते. ते नसेल आणि सूची दाखविण्याची परवानगी चालू असेल, तर ती फोल्डरमधील प्रत्येक फाईलचे नाव, तारीख व आकार यांचे पान तत्क्षणी तयार करून देते. यात श्रम काहीच नाहीत. परंतु निवडही नाही. फोल्डरमध्ये जे असेल ते सर्व जगासमोर येते, आणि तेही मराठी शीर्षकाशिवाय.

तिसरा मार्ग या दोहोंच्या मधला आहे. सूची यंत्राने तयार करावी. परंतु कोणती फाईल प्रकट करावयाची आणि तिला कोणते शीर्षक द्यावयाचे, हे माणसाने ठरवावे. शासकीय व शैक्षणिक कार्यालयांसाठी हाच मार्ग योग्य होय.

नावांची शिस्त

यंत्राला मजकुराचा अर्थ कळत नाही. ते केवळ अक्षरांचा क्रम लावते. म्हणून सूचीचा क्रम फाईलच्या नावावरच अवलंबून राहतो. दिवस, महिना, वर्ष या क्रमाने तारीख लिहिली तर ५ जानेवारी २०१९ आणि ५ जानेवारी २०२४ च्या फायली शेजारी-शेजारी येतात व ६ जानेवारी २०१९ ची फाईल दूर जाते. वर्ष, महिना, दिवस असा क्रम ठेवला की अक्षरांचा क्रम हाच कालक्रम होतो. महाराष्ट्र शासनाच्या शासन निर्णयांवर जो संगणक सांकेतांक छापलेला असतो, त्याचा प्रारंभ याच रीतीने वर्ष, महिना व दिवस यांनी होतो, हे प्रत्येक कार्यालयाने पाहिलेले आहे.

अंकांबाबतही अशीच दक्षता हवी. ग्रामपंचायतीच्या लेखाविषयक नमुन्यांची संख्या ३३ आहे. नावात केवळ १, २, ३ असे अंक लिहिले तर अक्षरक्रमाने चालणारी सूची १ नंतर १०, ११, १२ असे १९ पर्यंत जाऊन मग २ कडे वळते. ०१, ०२, ०३ असे दोन अंकी लिहिल्यास क्रम बिघडत नाही.

तिसरा प्रश्न लिपीचा. मराठी कारभारात फाईलचे नाव मराठीत असावे, अशी इच्छा स्वाभाविक आहे. तथापि वेबपत्त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह टक्क्याच्या खुणांसह नऊ अक्षरांत रूपांतरित होते. ‘राहुरी’ या लहानशा शब्दात काना, उकार व वेलांटी धरून सहा चिन्हे आहेत. पत्त्यात त्यांची ५४ अक्षरे होतात. रिकाम्या जागेचेही असेच रूपांतर होते. असे पत्ते संदेशात पाठविताना तुटतात. म्हणून फाईलचे नाव रोमन लिपीतील लहान अक्षरे, अंक व आडवी रेघ एवढ्यांतच लिहावे आणि वाचकाला दिसणारे शीर्षक मात्र शुद्ध, पूर्ण मराठीत द्यावे. पत्ता यंत्रासाठी व नाव माणसासाठी, ही विभागणी येथे उपयोगी पडते. मोठी व लहान रोमन अक्षरे काही सर्व्हरवर भिन्न मानली जातात, हे लक्षात घेऊन सर्वत्र लहान अक्षरेच वापरणे इष्ट.

प्रत्यक्ष कृती

समजा, एका ग्रामपंचायतीला कृषिसल्ल्यांची सूची करावयाची आहे. कामाचे टप्पे पुढीलप्रमाणे होतील.

१. ‘प्रकाशित’ या अर्थाच्या नावाचा एक स्वतंत्र फोल्डर तयार करावा. दैनंदिन कामाचा फोल्डर वेगळाच राहावा. तपासून अंतिम केलेल्या फायलीची प्रत तेवढी या फोल्डरमध्ये ठेवावी.

२. प्रत्येक फाईलला ठरलेल्या पद्धतीने नाव द्यावे. १५ जुलै २०२५ च्या मंगळवारच्या सल्ल्याचे नाव ‘२०२५-०७-१५-कृषिसल्ला-राहुरी’ या धर्तीचे होईल. प्रत्यक्षात ते रोमन अक्षरांत लिहावयाचे.

३. फोल्डरमधील नावांची यादी काढावी. विंडोज प्रणालीत आज्ञेची खिडकी त्या फोल्डरमध्ये उघडून ‘डीआयआर’ ही आज्ञा, तिच्यापुढे तिरपी रेघ व ‘बी’ हे अक्षर लिहिले असता केवळ नावांची यादी मिळते. त्यापुढे ‘पेक्षा मोठे’ या अर्थाचे गणिती चिन्ह व एका मजकूर फाईलचे नाव दिले की यादी त्या फाईलमध्ये उतरते. या यादीत यादीच्या फाईलचे नावही येते. ती ओळ काढून टाकावी. नावे देवनागरीत असतील तर या टप्प्यावर त्यांच्या जागी प्रश्नचिन्हे येण्याचा संभव असतो; रोमन नावे पसंत करण्याचे हेही एक कारण आहे.

४. ही यादी एक्सेलसारख्या तक्त्यात पहिल्या स्तंभात घ्यावी. दुसऱ्या स्तंभात मराठी शीर्षक, तिसऱ्यात दिनांक, चौथ्यात विषय अथवा शाखा व पाचव्यात फाईलचा आकार लिहावा. मोबाईलवर उघडणाऱ्या शेतकऱ्याला आकार आधी कळला तर त्याचा डेटा व वेळ वाचतो.

५. सहाव्या स्तंभात सूत्राने दुव्याची ओळ जुळवावी. तिची रचना अशी : कोनी कंसात ‘ए’ हे अक्षर, नंतर ‘एचआरईएफ’, बरोबरचे चिन्ह आणि अवतरणचिन्हांत पहिल्या स्तंभातील नाव, कंस मिटवून दुसऱ्या स्तंभातील शीर्षक, अखेरीस तिरपी रेघ व ‘ए’ असलेला मिटणारा कंस. एक सूत्र पहिल्या ओळीत लिहून खाली ओढले की शेकडो दुवे क्षणात तयार होतात.

६. या ओळी साध्या मजकूर फाईलमध्ये घ्याव्यात, वर कार्यालयाचे नाव व सूचीचा दिनांक लिहावा आणि ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल’ या नावाने ‘यूटीएफ-८’ पद्धतीने ती साठवावी. पानाच्या प्रारंभी याच पद्धतीचा उल्लेख करावा. अन्यथा मराठी शीर्षके काही संगणकांवर निरर्थक चिन्हांसारखी दिसतात.

७. अखेरीस मोजणी करावी. फोल्डरमधील फायलींची संख्या, सूचीचे पान वगळून, आणि दुव्यांची संख्या एकच आली पाहिजे. पहिला, शेवटचा व मधले काही दुवे दुसऱ्या संगणकावर व मोबाईलवर उघडून पाहावेत.

हेच काम पायथॉनसारख्या भाषेतील काही ओळींच्या कार्यक्रमाने अधिक वेगाने होते. तो कार्यक्रम फोल्डर वाचतो, नावे क्रमाने लावतो, शीर्षकांच्या तक्त्याशी जुळवितो आणि पान लिहून देतो. ठराविक दिवशी तो आपोआप चालावा, अशी व्यवस्था विंडोज व लिनक्स या दोन्ही प्रणालींत आहे. लिनक्समधील ‘ट्री’ हे साधन तर उपफोल्डरांसह संपूर्ण दुवासूची एका आज्ञेत देते. कार्यक्रम करतानाही एक नियम पाळावा : ज्या फाईलला तक्त्यात शीर्षक दिलेले नाही, ती सूचीत येऊ नये. शीर्षक देणे म्हणजेच प्रकाशनास संमती देणे, असा संकेत ठेवल्यास निवडीचा अधिकार माणसाकडेच राहतो.

काय प्रकट करू नये

सूचीचे यंत्र जितके आज्ञाधारक, तितकेच ते अविवेकी असते. एखाद्या योजनेच्या अर्जांबरोबर आलेली आधार कार्डे, बँक पासबुकांच्या प्रती, वैद्यकीय दाखले किंवा विद्यार्थ्यांची वैयक्तिक माहिती त्याच फोल्डरमध्ये राहिली, तर यंत्र तिचेही दुवे तत्परतेने तयार करील. शोधयंत्रे असे दुवे टिपून घेतात आणि चूक ध्यानात येईपर्यंत त्या कागदांच्या प्रती अन्यत्र गेलेल्या असू शकतात. गरीब लाभार्थ्याच्या खात्याचा क्रमांक अशा रीतीने परक्याच्या हाती पडला, तर त्याचे होणारे नुकसान भरून काढणे कठीण असते.

आधार अधिनियम, २०१६ च्या कलम २९ (४) नुसार, विनियमांत सांगितलेली प्रयोजने सोडल्यास, आधार क्रमांक सार्वजनिकरीत्या प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ मध्ये स्वतंत्र कायदाही संमत केला आहे. दुसऱ्या बाजूस, अनुदानाच्या कार्यक्रमांचे लाभार्थी व रकमा यांचा तपशील प्रकट करणे हे माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ (१) (ख) नुसार कर्तव्यच आहे. या दोहोंत विरोध नाही. यादी प्रकट करावी. तिच्यातील आधार क्रमांक, खाते क्रमांक व दूरध्वनी क्रमांक वगळावेत.

वगळण्याची रीतही योग्य असावी. तक्त्यातील स्तंभ केवळ लपविला तर कोणीही तो पुन्हा उघडू शकतो. पीडीएफमधील अंकांवर काळी पट्टी ओढली तरी पुष्कळदा खालचे अंक तसेच राहतात व नक्कल करून घेता येतात. म्हणून तो स्तंभ मूळ प्रतीतून काढून नवी फाईल तयार करावी. तसेच, सर्व्हरची आपोआप सूची दाखविण्याची सोय बंद ठेवण्यास सांगावे. मात्र ती बंद केली म्हणजे फाईल सुरक्षित झाली असे नव्हे. पत्ता ज्याला ठाऊक आहे तो ती उघडू शकतोच. जी फाईल जनतेसाठी नाही, ती त्या सर्व्हरवर ठेवूच नये, हाच खरा उपाय होय.

सूचीची निगा

एकदा प्रसिद्ध केलेल्या फाईलचे नाव बदलू नये किंवा तिची जागा हलवू नये. तिचा पत्ता शेतकऱ्यांच्या, शिक्षकांच्या व अन्य कार्यालयांच्या पत्रव्यवहारात गेलेला असतो. नाव बदलताच ते सर्व दुवे मृत होतात. दुरुस्ती करावयाची असल्यास नव्या दिनांकाची नवी फाईल ठेवावी, शीर्षकात ‘सुधारित’ असा उल्लेख करावा आणि जुन्या शीर्षकापुढे ‘रद्द; पुढील आवृत्ती पाहावी’ अशी नोंद द्यावी. अभिलेखाच्या अ, ब, क, ड वर्गाचे अक्षर तक्त्याच्या आणखी एका स्तंभात नोंदविल्यास जतनाची मुदतही सूचीतच दिसेल.

ही जबाबदारी व्यक्तीवर नव्हे, पदावर सोपवावी. ग्रामपंचायतीत संगणक परिचालकाने दर आठवड्यास सूची काढावी व ग्रामपंचायत अधिकाऱ्याने ती तपासून प्रसिद्धीस मान्यता द्यावी, अशी विभागणी सोयीची आहे. शाळेत हेच काम मुख्याध्यापक व एक शिक्षक यांना करता येईल. पंचायत सदस्यांनी ग्रामसभेपूर्वी सूचीचा दिनांक पाहावा. तो तीन महिन्यांपूर्वीचा असेल तर त्याविषयी विचारणा करणे हा त्यांचा अधिकार आहे.

मोठ्या संग्रहाचा मार्ग

फायलींची संख्या हजारांच्या घरात गेली की एका पानाची सूची अपुरी पडते. भारतीय कृषी संशोधन व शिक्षण संस्थांच्या ‘कृषिकोष’ या डिजिटल संग्रहाचे उदाहरण येथे मननीय आहे. राहुरीच्या विद्यापीठासह देशातील अनेक कृषी विद्यापीठांचे प्रबंध त्यात उपलब्ध आहेत. ‘डीस्पेस’ या मुक्त प्रणालीवर उभारलेल्या या संग्रहात प्रत्येक प्रबंधाला कायम पत्ता असतो आणि लेखक, वर्ष, विषय अशी माहिती नोंदलेली असते. त्यामुळे एकच संग्रह वर्षवार, विषयवार किंवा लेखकवार सूचीच्या रूपाने पाहता येतो. वरील तक्त्यातील शीर्षक, दिनांक व विषय हे स्तंभ म्हणजे याच व्यवस्थेचे लहान रूप आहे. जे कार्यालय आज हे स्तंभ काटेकोरपणे भरील, त्याचा संग्रह उद्या मोठ्या प्रणालीत नेणे सुलभ होईल. जे भरणार नाही, त्याला प्रत्येक फाईल पुन्हा उघडून पाहावी लागेल.

सूची तयार करण्यास संगणकाला काही क्षण पुरतात. त्या सूचीवर जनतेने विश्वास ठेवावा यासाठी मात्र नाव देताना, निवड करताना आणि तपासणी करताना माणसालाच लक्ष घालावे लागते. लखिना यांच्या प्रयोगाने कागदी दप्तराला जी शिस्त लावली, तीच आता फोल्डरला लावावयाची आहे. राहुरी तालुक्यातील शेतकऱ्याला मागील वर्षाचा सल्ला, पालकाला शाळेचा अहवाल आणि ग्रामस्थाला ग्रामसभेचा ठराव, कोणाची मनधरणी न करता, आपल्या मोबाईलवर सापडू लागेल, तेव्हा हे काम सार्थकी लागले असे म्हणता येईल.